खळीखालचे सूर

दुपारच्या शांततेत कोपऱ्यातून टक्कन आवाज झाला आणि पाठोपाठ एक तार कण्हत कण्हत खाली घसरत गेली. उल्यानाच्या हातातला खोकल्याच्या औषधाचा चमचा बाटलीच्या तोंडाशी तसाच राहिला. काही झालेलं नाही, हे तिला कळत होतं. फेब्रुवारीत खिडकीखालच्या गरम नळ्या घरातली हवा पार सुकवून टाकतात, लाकूड आक्रसतं, पेटीतल्या चेलोची एखादी खुंटी सुटते. दर हिवाळ्यात तीन-चारदा तरी हे होतंच. पण ती धावली ती चेलोकडे नाही, पलंगाकडे. ग्लाशा भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पाच वर्षांचं अंग, त्यावर दोन गोधड्या, मानेला लोकरीचा गळपट्टा. उल्यानानं पाठीवर तळहात ठेवला आणि मोजायला लागली. आत. बाहेर. आत. मागच्या हिवाळ्यात पहाटे याच पाठीखालून कुत्रं भुंकावं तसा खोकला आला होता, आणि खोकल्यानंतर काहीच आलं नव्हतं. रुग्णवाहिका येईपर्यंतची अकरा मिनिटं उल्यानानं मुलीला उघड्या खिडकीशी धरून ठेवलं होतं, बर्फाळ हवेत, आणि प्रत्येक पुढच्या श्वासाची वाट पाहिली होती. नवरा तेव्हा उत्तरेला होता, गॅसच्या कामावर, महिना तिकडे महिना इकडे. आताही तो तिकडेच होता. मुलगी वाचली. पण ते वाट पाहणं उल्यानाच्या कानातून गेलं नाही. भांडं पडलं, लिफ्टचं दार आपटलं, खुंटी सुटली, की तिचा हात आपोआप कुणाची तरी पाठ शोधायला लागतो.

आज मात्र धसका निव्वळ खुंटीचा नव्हता. सकाळी रिम्मा प्लातोनोव्नांचा फोन आला होता. कसं काय, मुलगी बरी आहे का, काही नाही. "बाबांचे कागद तुम्ही सोडवलेत म्हणे. मला फाइनानं सांगितलं. मी फोनवर बोलत नाही. तीन वाजता या, आणि मुलीला घेऊन या, तिला कुठे ठेवाल? बालवाडीला तर साथीची सुट्टी आहे." आणि फोन बंद. साठी ओलांडलेल्या बाईचा तो कोरडा, जरा मोठा आवाज. एका कानानं बहिरी माणसं बोलतात तसा. उद्या शुक्रवार, ध्वनिमुद्रणाचा शेवटचा दिवस.

रिम्मा प्लातोनोव्नांचे वडील प्लातोन झाव्यालोव्ह हे युद्धाच्या काळात लेनिनग्राडहून समाराला हलवलेल्या माणसांबरोबर आले आणि व्होल्गाच्या काठी राहून गेले. संगीतशाळेत शिकवायचे. चेलो आणि वाद्यवृंदासाठी त्यांनी दोन रचना केल्या. लहान आधी, मोठी नंतर, पन्नास साली. मोठी चार वेळा वाजली आणि मग कुणीच वाजवली नाही. वरच्यांना ती सुरुवातीपासून फार काळोखी वाटली, आणि खालच्यांना, म्हणजे वाजवणाऱ्यांना, तिचा शेवट सोसवेना. वीस मिनिटं चेलो अंधारात चाचपडत जातो, आणि शेवटच्या दोन पानांत एकाएकी कर्णे, नगारे, झांजा, जणू कुणी दार लाथेनं उघडून सगळे दिवे लावले. उल्यानाच्या गुरुजींनी तिला शिकवतानाच सांगून ठेवलं होतं, "पहिली वीस मिनिटं माणसानं लिहिली आहेत, शेवटची दोन भीतीनं. वाजव, पण मान खाली घालून वाजव." शहरात सगळेच असं म्हणायचे. पन्नास सालच्या मार्चमध्ये संगीत तपासणारी सरकारी समिती बसली होती, तिनं झाव्यालोव्हला झापलं, आणि त्यानं आठवड्यात शेपूट जोडून दिलं. ही गोष्ट इतकी जुनी झाली होती की ती तपासून पाहायची कुणाला गरज वाटली नव्हती. आता मॉस्कोच्या एका लहानशा कंपनीनं दोन्ही रचना मुद्रित करायच्या ठरवल्या, वाजवायला उल्याना. आजवर कुणी केलेलं नव्हतं, आणि पुन्हा कुणी करील अशातलाही भाग नव्हता. जे या चार दिवसांत पकडलं जाईल, तोच झाव्यालोव्ह.

मंगळवारी पहिल्या तालमीत व्हिओलावाल्या बाईंनी आपलं पान दिव्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, "हे बघा, इथं कागदाखाली कागद आहे." वाद्यवृंदाचे संचालक इनोकेंती साविच उडी मारून खाली आले. सगळ्यांच्या शेवटच्या दोन पानांवर पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. खळ लावून, इतक्या नीट की छप्पन्न वर्षांत कुणाला कळलं नव्हतं. त्या काळी नक्कल करणारे दुरुस्ती अशीच करायचे, पिठाची खळ आणि पट्टी. पण ही पट्टी नक्कलकाराच्या हातची नव्हती, अक्षर खुद्द झाव्यालोव्हचं होतं. इनोकेंती साविचांनी किटली मागवली. फाइना, जुनी पानं सांभाळणारी, म्हणाली, "हात लावू नका, आधी विचारा." ते म्हणाले, "कुणाला विचारू? समितीला? समिती मेली, फाइनोच्का!" वाफेवर पट्ट्या एकेक सुटत गेल्या, माशाच्या खवल्यासारख्या वळल्या. खाली जे होतं ते पाहायला सगळा वाद्यवृंद जवळ आला. कर्णे नाहीत, नगारे नाहीत. सगळ्यांना विराम. फक्त चेलोचा एक लांब सूर, आणि खाली एकटा व्हिओला, मधूनच थांबणारा, पुन्हा येणारा, पुन्हा थांबणारा. आणि शेवटी न येणारा.

बुधवारी त्यांनी ते मुद्रित केलं. सभागृहातल्या नळ्या वाजतात म्हणून उष्णता बंद केलेली, सगळे कोट घालून, बोटं फुंकत. बाहेरून ट्राम गेली की ध्वनिमुद्रक हात वर करायचा, आणि ट्राम लांब जाईपर्यंत ऐंशी माणसं पुतळ्यासारखी बसून राहायची. त्या लांब सुरावर गज टेकवला तेव्हा उल्यानाला काही करावं लागलं नाही. खिडकी उघडी होती, हवा आत येत होती, तिच्या हाताखाली लहानशी पाठ होती, आणि व्हिओला थांबला होता. ती पुढच्या श्वासाची वाट पाहत होती. सूर संपला तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. इनोकेंती साविच व्यासपीठावरून उतरून आले, तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि म्हणाले, "उल्याशा, यासाठी मी वीस वर्षं नोकरी केली." तीही रडत होती. पण रडता रडताच तिच्या मनात एक स्वच्छ, थंड विचार येऊन बसला होता: मी आयुष्यात यापेक्षा चांगलं वाजवलेलं नाही. आणि त्याला लागूनच दुसरा, ज्याच्याकडे तिनं पाहिलं नाही: ते अकरा मिनिटांचं भय मी आज खर्चून टाकलं, आणि ते छान वाजलं.

ट्राममध्ये ग्लाशानं खिडकीवरच्या बर्फात नाणं दाबून एक गोल भोक केलं आणि त्यातून शहर पाहत बसली. रिम्मा प्लातोनोव्नांचं घर चौथ्या मजल्यावर होतं. दारातच त्यांनी दोघींना घरातल्या सपाता दिल्या, ग्लाशाच्या सपाता मोठ्या झाल्या म्हणून त्यांत वर्तमानपत्र कोंबलं. स्वयंपाकघरात चहा, रासबेरीचा मुरंबा, कोबीची कचोरी. "खा. खोकला आहे ना? मुरंबा खा, दोन चमचे, कंजूषपणा नको. आईसारखी काडी व्हायचंय का?" मग त्यांनी खुर्ची फिरवली, उजवा कान उल्यानाकडे आणला. "बोला आता. काय वाजवलंत?"

उल्यानानं सांगितलं. आपला आवाज चोरटा येतोय असं तिला वाटलं, म्हणून ती जास्तच बोलली. किती सुंदर आहे, लोक कसे रडले, अखेर तुमच्या वडिलांना न्याय मिळेल.

"कसला न्याय?"

"म्हणजे... त्यांनी जे लिहिलं होतं ते. समितीनं लादलेलं नव्हे."

रिम्मा प्लातोनोव्ना हसल्या. हसू चांगलं नव्हतं. "या देशात वाजंत्री ऐकू आली की लोक आधी विचारतात, वाजवायला कुणी लावली? लग्नातसुद्धा विचारतील. अहो, मी सात वर्षांची होते. मेंदूचा क्षय. मुलं वाचायची नाहीत त्यातून. बाबांनी तो शेवट मी इस्पितळात असताना लिहिला. मी तिथं श्वास घेतेय की नाही ते ऐकायला त्यांना आत सोडायचे नाहीत. ते बाहेर बाकावर बसून लिहायचे. मग कुठूनसं औषध आलं, नवीन, कुणाच्या ओळखीनं. त्यानं माझा हा डावा कान घेतला, आणि मला सोडलं. तीन मार्चला मी घरी आले. या टेबलाशी बसले, याच. बाबा आईला म्हणाले, खळ शिजव. आई म्हणाली, पीठ कुठंय खळीला? तर म्हणाले, धिरडी नको करूस आज, खळ कर. आणि रात्रभर, नाही, पहाटेपर्यंत, पट्ट्या कापत होते, लिहीत होते, चिकटवत होते, आणि तोंडानं कर्णा वाजवत होते. पूं पूं पूं. आई म्हणाली, शेजारी उठतील. म्हणाले, उठू देत."

ग्लाशानं चमचा चाटायचा थांबवला होता. "आणि मग तुम्ही मेला नाहीत?"

"ग्लाशा!"

"नाही ग राणी. बघ, बसलेय ना."

उल्यानानं कप खाली ठेवला. बशीवर तो जास्तच वाजला. "पण समिती खरंच बसली होती ना? मार्चमध्येच?"

"बसली होती की. एक तारखेला. झापलंही. मी काय नाही म्हणतेय? समिती एकला, मी तीनला. दोन्ही खरं आहे."

"मग त्यांनी कधी सांगितलं का नाही? लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले होते. माझे गुरुजी..."

"तुमचे गुरुजी समोरून येताना रस्ता ओलांडायचे. माहीत आहे मला. काय सांगायचं होतं त्यांनी? की माझी पोर वाचली म्हणून मी दोन पानं ढोल बडवले? त्या वर्षांत किती जणांची माणसं युद्धातून, छावण्यांतून परत आली नव्हती. आनंद झाला असं म्हणायची लाज वाटायची हो. भ्यालो म्हटलेलं लोकांना समजायचं." त्यांनी ग्लाशाच्या बशीत आणखी मुरंबा वाढला. "ते खालचं फाडलं नाही त्यांनी, झाकलं. मला वाटतं, ते ऐकू येऊ नये म्हणून. आता तुम्ही जे तबकडीवर घालाल ते राहील. मी मरेन, फाइना मरेल. मग कोण सांगणार?"

परतीच्या ट्राममध्ये उल्यानानं ग्लाशाला खिडकीशी बसवलं. म्हातारीनं आयुष्यभर बापाची बाजू घेतलेली. सात वर्षांच्या आजारी मुलीला तारखा काय आठवणार. आणि स्वयंपाकघरातली ती रात्र पुन्हा पुन्हा सांगून इतकी गुळगुळीत झाली असेल की आता तिच्यातला खरा भाग कुठला हे तिलाही कळत नसेल. असं सगळं ती स्वतःशी मांडत गेली, आणि प्रत्येक मुद्दा तिला हवाहवासा वाटत होता. म्हणूनच तिला भीती वाटली. खोटं ठरावं असं तिला वाटत होतं. म्हातारी खोटी ठरली तर बुधवारचा सूर राहतो. म्हातारी खरी असेल तर आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाजवणं म्हणजे, एका बापानं ज्यावर रात्रभर खळ फासली ते उचकटून जगासमोर धरणं. आणि त्या सुरात तिनं काय ओतलं होतं? एक पोर न वाचण्याची तयारी. ग्लाशा गुडघ्यावर उभी राहून बर्फातल्या भोकाला तोंड लावून पूं पूं करत होती. समोरची बाई म्हणाली, "अहो, घाण आहे ती काच, पोरगी आजारी पडेल." उल्यानानं तिला इतक्या जोरात मागे ओढलं की ग्लाशा रडली.

घरी येऊन, कोट न काढताच, तिनं इनोकेंती साविचांना फोन लावला.

"अरे देवा," ते म्हणाले. "म्हातारीकडे गेलीस. मला वाटलंच होतं. उल्याशा, साधं गणित कर. समिती एक तारखेला, पट्ट्या तीनला. मध्ये किती दिवस? दोन. माणूस दोन दिवस घाबरतो आणि तिसऱ्या दिवशी लिहितो. मी त्या काळात मोठा झालोय, मला नको शिकवू."

"मुलगीही तीनलाच घरी आली."

"मुली असंच सांगतात. माझीही सांगेल, बाबा फार शूर होते म्हणून." मग ते हळू आवाजात म्हणाले, "तू बुधवारी काय वाजवलंस ते तुला माहीत आहे. ते तू फेकून देणार? दोन पानं ढोलांसाठी?"

"फेकत नाही. उद्या एक तास आहे. वरचंही घेऊ."

"कर्णेवाले सोडलेत मी! खालच्या शेवटात त्यांना कामच नाही. गुर्यानोव दोघांना घेऊन नदीवर गेला असेल, बर्फात भोक पाडून मासे धरायला. शुक्रवारी सुट्टी मिळाली म्हणून दोन दिवस नाचतोय."

"मग बोलवा त्याला."

ती श्वास मोजत राहिली, त्यांचे. "जिद्दी आहेस," ते शेवटी म्हणाले. "चेलोवाल्या बायका अशाच. आमच्या घरीही एक होती, गेली निघून."

शुक्रवारी गुर्यानोव अकराला आला, मेंढीच्या कातड्याच्या कोटात, बर्फानं पांढऱ्या झालेल्या मिशांनी, मागे त्याचे दोन चेले. "ओठ आहेत की नाहीत तेच कळत नाहीये," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पर्च मासा गळाला लागायला लागला होता! आणि हे म्हणतात झाव्यालोव्हला आनंद झालाय, चल. छप्पन्न वर्षं थांबला, सोमवारपर्यंत थांबला नसता?" लोक हसले. फाइनानं वळलेल्या पट्ट्या इस्त्री करून आणल्या होत्या; त्या चिमट्यांनी पानांवर लावल्या गेल्या, पुन्हा खळ लावायचं धाडस कुणाला झालं नाही. ग्लाशाला फाइनानं आपल्याशेजारी शेवटच्या रांगेत बसवलं, शालीत गुंडाळून.

पहिल्यांदा वाजवलं ते गुरुजींनी शिकवल्यासारखंच झालं. कर्णे आले, नगारे आले, आणि उल्यानाचा गज आपसूक मान खाली घालून चालला. ध्वनिमुद्रकानं काचेमागून बोट फिरवलं: पुन्हा. दुसऱ्यांदा ट्राम आली. तिसऱ्यांदा, मध्येच, तिला कळलं की आपण आनंद शोधतोय, आणि तो सापडत नाहीये कारण आपण तो काहीतरी सुंदर असेल म्हणून शोधतोय. इस्पितळातून ग्लाशा घरी आली त्या दिवशी काय झालं होतं? काही सुंदर नव्हतं. ग्लाशानं आल्या आल्या खारवलेली काकडी मागितली होती, डॉक्टरांनी नको सांगितलेली, आणि उल्यानानं बरणीच उघडून दिली होती. मग दोघी फरशीवर बसून काकड्या खात होत्या, पाणी अंगावर सांडत होतं, आणि उल्याना मोठमोठ्यानं, बेसूर, काहीतरी ओरडत होती. खालच्या मजल्यावरच्यांनी नळी ठोकली तेव्हा तिनं उलट ठोकली होती. लाज नव्हती. ऐकणारं कुणी असतं तर म्हणालं असतं, ही बाई नाटक करते आहे. असा आनंद नाटकासारखाच दिसतो. उघडा, बटबटीत, अंगावर येणारा. चौथ्यांदा तिनं गज इतका दाबला की खालची तार घोगरली. गुर्यानोवचे गारठलेले ओठ एका सुरावर घसरले आणि तो तसाच पुढे गेला. इनोकेंती साविचांनी थांबवलं नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, भुवया वर गेल्या, आणि त्यांचा डावा हात, जो ते नेहमी खिशात ठेवायचे, बाहेर आला. शेवटची झांज वाजली, आणि छतातल्या धुळीतून काहीतरी खाली पडलं.

"हे सुबक नाहीये," ध्वनिमुद्रक आत येऊन म्हणाला. "कर्णा चुकलाय, तुमची तार खरखरली आहे. बुधवारचं निर्दोष आहे. शेवट एकच राहील, कंपनीनं दोन नकोत म्हणून सांगितलंय. मला आत्ता सांगा. चारच्या गाडीनं निघतोय मी."

इनोकेंती साविच पानं गोळा करत होते, खूप सावकाश.

"आजचं घ्या," उल्याना म्हणाली.

"चुकांसकट?"

"चुकांसकट."

कलाकारांच्या खोलीत ती ग्लाशाला जाड लोकरी नमद्याचे बूट चढवत बसली. बरोबर केलं, असं तिनं स्वतःला सांगितलं. सिद्ध कुणालाच करता येणार नाही, पण दोहोंपैकी एकावर विश्वास ठेवायचा तर पोर वाचली यावरच ठेवायला हवा. रिम्मा प्लातोनोव्नांना संध्याकाळी फोन करायचा, त्या आधी कोरडेपणानं बरं म्हणतील, मग कदाचित तेवढ्या कोरडेपणानं नाही.

"आई," ग्लाशा म्हणाली, "ती आजी लहानपणी मेली असती तर खालचंच राहिलं असतं?"

"हं. दुसरा पाय."

"आणि ती जगली म्हणून वरचं."

"हो. टाच खाली दाब, अशी."

ग्लाशानं टाच दाबली नाही. ती आईच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे पाहत होती, हिशेब जुळत नसला की पाहायची तशी. "फाइना मावशी म्हणाली, खालचं वाजवलंस तेव्हा सगळे रडले. तूपण. आणि म्हणाली, असं छान तू कधीच वाजवलं नव्हतंस."

उल्याना बुटाची कड दोन्ही हातांनी धरून तशीच वाकून राहिली.

"मग तुला कुठलं जास्त आवडतं, आई?"